खालच्या खोलीचं आरक्षण

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन महासत्तांची पुन्हा एकदा जुंपली. एकीनं धमकी दिली, दुसरीनं आपल्या अणुपाणबुड्या जवळ सरकवल्याचं जाहीर केलं, वाहिन्यांवर तज्ज्ञ मंडळी नकाशे पसरून बसली, आणि या सगळ्याचा पहिला तडाखा कुणाला बसला असेल तर तो सिडनीच्या वायव्येला, स्कोफिल्ड्समध्ये राहणाऱ्या विनीताला. बॉम्ब पडायचा तेव्हा पडेल, तिच्या घरातला फोन मात्र त्याच दिवशी खणखणायला लागला.

झालं होतं असं की संजीवच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, घराण्याच्या बहात्तर माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक यादी टाकली होती. 'अणुयुद्ध झाल्यास जगातील सर्वांत सुरक्षित देश.' पहिला न्यूझीलंड, दुसरा ऑस्ट्रेलिया. न्यूझीलंडमध्ये घराण्यातलं कुणीच नव्हतं. मग सगळ्यांना एकदम संजीव आणि विनीताची आठवण आली.

हीच मंडळी. चौदा वर्षांपूर्वी दोघं इकडे आले तेव्हा यांनीच नाकं मुरडली होती. जगाच्या टोकाला जाऊन काय मिळवणार, तिकडे माणसं कमी आणि कांगारू जास्त, असं भर समारंभात ऐकवलं होतं. मुलाच्या, नीलच्या, मुंजीचं आमंत्रण दिलं तेव्हा 'इतक्या लांब कोण येणार' म्हणून एकानंही बॅग भरली नाही. आता तेच लोक विचारत होते, घरात खोल्या किती, आणि अंगण मागे आहे की पुढे.

एवढ्यावर भागलं असतं तरी विनीतानं दुर्लक्ष केलं असतं. पण घरात दीनानाथ होते.

दीनानाथ म्हणजे तिचे सासरे. वय शहात्तर. सगळा जन्म एसटीत गेला, त्यातली शेवटची अठरा वर्षं स्वारगेटला वाहतूक नियंत्रक म्हणून. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कुठली जादा सोडायची, कुणाला कुठं बसवायचं, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं. दिवाळीच्या गर्दीत सोलापूरच्या गाडीत त्रेपन्नावा माणूस कसा बसवला, ही हकिगत घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. घराण्यात लग्न कुणाचंही असो, जानवसा यांच्याकडे. शंभर वऱ्हाडी चार खोल्यांत झोपवावेत तर यांनीच. सासूबाई गेल्यावर, पाच वर्षांपूर्वी, ते पॅरेंट व्हिसावर इकडे आले, आणि येऊन बघतात तर झोपवायला माणसंच नाहीत.

मग त्यांनी बसस्टॉप धरला. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या थांब्यावर घड्याळ घेऊन उभे राहायचे. बस आली की ड्रायव्हरला घड्याळ दाखवून "फोर मिनिट लेट" असं सांगायचे. ड्रायव्हर "नो वरीज, मेट" म्हणून हात हलवायचा. हा गडी काळजी करत नाही हेच तर दुखणं आहे, असं ते घरी येऊन म्हणायचे.

आणि आग्रह. जो भेटेल त्याला, "या एकदा घरी. घर आपलंच आहे." पार्कात फिरायला येणारे गुजराती आजोबा, मेट्रोत शेजारी बसलेलं केरळी जोडपं, एकदा तर पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूस. घर मुलाचं, हप्ते सुनेचे आणि आग्रह सासऱ्यांचा, अशी वाटणी होती. विनीताला राग यायचा, पण मनापासून धरताही यायचा नाही. आलेल्या माणसाला चहा ते स्वतः करायचे आणि कपही स्वतः विसळायचे.

विनीता पॅरामॅटातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. बुधवारी आणि शुक्रवारी घरून. त्या बुधवारी ती डायनिंग टेबलावर मीटिंगमध्ये बसली होती आणि पलीकडच्या सोफ्यावरून दीनानाथांनी त्यांच्या धाकट्या भावाला, साताऱ्याच्या पद्माकरकाकांना, फोन लावला होता. फोनचा स्पीकर बंद करता येतो हे त्यांना पाच वर्षांत कुणी पटवू शकलं नव्हतं. आवाज अजून स्वारगेटच्या माइकवरचा.

"पद्या, तू काळजीच करू नकोस. तुझी आणि तुझ्या बायकोची सोय मी खालीच करतो. तिला जिना नको."

"दादा, पण विनीताला विचारलंस का?" पद्माकरकाकांचा आवाज सगळ्या घरात घुमला.

"तिला काय विचारायचंय? घर आपलंच आहे."

विनीताचा माइक चालू होता. मीटिंगमधल्या नऊ जणांनी हे ऐकलं. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण मॅनेजरनं हसून विचारलं, एव्हरीथिंग ओके? ती ओके म्हणाली. पण 'खालीच' म्हणजे कुठं ते तिला बरोबर समजलं होतं.

घरात खोल्या चार. तीन वर, आणि एक खाली, जिन्याशेजारी, तिला लागून स्वतंत्र बाथरूम. ही खालची खोली विनीतानं जुलैमध्ये स्वतःच्या हातानं रंगवली होती. बाथरूममध्ये माणूस बोलावून स्टीलची दांडी बसवून घेतली होती, धरून उठता यावं म्हणून. कुणासाठी, ते तिनं मोठ्यानं सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरज होती असंही तिला वाटलं नव्हतं. दांडी बसवली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून दीनानाथ तिच्यावर आपला पंचा वाळत घालायला लागले.

ती खोली तिच्या आईसाठी होती. चित्रलेखाबाई तळेगावला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. विनीता एकुलती एक, वडील जाऊन अकरा वर्षं झालेली. जूनमध्ये त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. विनीताला हे नवव्या दिवशी कळलं, तेही शेजारीण फोनवर बोलता बोलता बोलून गेली म्हणून. "सांगून तू तिथून काय करणार होतीस?" असं आई म्हणाली. त्या रात्रीपासून विनीताला धड झोप नव्हती.

आई एकदाच आली होती, नीलच्या वेळेला, तेव्हा हे लोक हॅरिस पार्कमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. दीनानाथ आल्यापासून एकदाही नाही. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज विनीताच्या लॅपटॉपवर दोन वर्षं अर्धा भरून पडला होता. दर रविवारी ती विषय काढायची. दर रविवारी आई म्हणायची, "तू बोलावतेस गं, पण..." आणि पुढं शेजारच्यांच्या मांजरीबद्दल बोलायला लागायची. मुलीच्या घरी, त्यातून व्याह्यांच्या सोबतीनं, राहायचं कसं, असा तो सगळा 'पण' होता हे विनीताला ठाऊक होतं. या जुनाट खुळाचा तिला वीट आला होता. सत्तरी उलटलेली बाई मोडकं मनगट घेऊन डाव्या हातानं भाकऱ्या थापते, पण रीत मोडत नाही.

दीनानाथही तसलेच. व्हिडिओवर आई दिसली की हे उठून उभे राहायचे, "नमस्कार विहीणबाई" म्हणायचे आणि लगेच खोलीबाहेर जायचे. जगातल्या प्रत्येकाला 'या' म्हणणाऱ्या माणसाला या एकाच बाईशी दोन वाक्यं बोलायला होत नव्हतं. विनीतानं त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून ठेवला होता, आणि तो चांगला नव्हता.

शनिवारी संजीव आणि दीनानाथ हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानांत गेले आणि येताना वीस वीस किलोच्या तांदळाच्या सहा गोण्या घेऊन आले. शिवाय तूरडाळ, मीठ, आणि मेणबत्त्यांचं एक खोकं. गोण्या कुठं ठेवल्या? खालच्या खोलीत. रंगवलेल्या भिंतीला टेकवून.

"संजीव, हे काय आहे?" विनीतानं विचारलं.

"अगं, त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे. संपेल की हळूहळू."

"एकशेवीस किलो?"

"मी त्यांना नाही म्हटलं असतं तर ते ट्रेननं गेले असते." संजीव कुठल्याही भांडणातून असाच बाजूनं निघून जायचा. घरात दोन माणसं समोरासमोर आली की त्याला गाडी धुवायची आठवण व्हायची, आणि तो खरोखरच धुवायला गेला.

संध्याकाळी नीलनं आजोबांच्या तयारीत खोडा घातला. नील तेराचा. आजोबांच्या मराठीला तो इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि दोघांचं छान चालायचं.

"आजोबा, यू नो वुई आर अ टार्गेट टू, राइट? पाइन गॅप. इट्स अ‍ॅन अमेरिकन बेस. राइट इन द मिडल ऑफ ऑस्ट्रेलिया."

दीनानाथांनी चष्मा पुसला, नीलचा शाळेचा नकाशा मागवला, पट्टी लावली. अंतर दोन हजार किलोमीटर निघालं.

"म्हणजे स्वारगेट ते दिल्ली, आणि वर पाचशे," ते म्हणाले. "एवढ्या लांबून इथवर काय पोचतंय."

"द विंड ब्लोज धिस वे, आजोबा."

"वारा आला तरी लेट येईल. इथलं काय वेळेवर येतं?"

नील हसून लोळला. विनीताला हसू आलं नाही. जेवणाच्या टेबलावर अणुयुद्धाचं वेळापत्रक ठरत होतं, उद्या रविवार होता, तिला आईला फोन करायचा होता, आणि आई काय म्हणणार ते तिला आजच माहीत होतं.

रविवारी सकाळी ती दूध काढायला फ्रिजपाशी गेली तर फ्रिजच्या दारावर तक्ता. आखीव पट्टीनं ओढलेल्या रेघा, निळ्या शाईनं माणसं, लाल शाईनं शेरे. वर मथळा: 'स्कोफिल्ड्स विशेष. एकूण प्रवासी तेवीस.'

तिनं वाचायला सुरुवात केली. वरची मोठी खोली, संजीव आणि विनीता, जमिनीवर ठाण्याच्या चुलतभावाची, रवींद्रची, दोन मुलं. नीलच्या खोलीत चौघं, वय पंचवीसच्या आतले. दीनानाथांची स्वतःची खोली, 'राखीव, महिला.' गॅरेजमध्ये पुरुष नऊ, गाडी रस्त्यावर काढावी. खालची खोली, पद्माकर सपत्नीक, लाल शाईत 'गुडघे.' शेवटच्या ओळीत, 'नियंत्रक: दीनानाथ, हॉल, सोफा.' म्हणजे स्वतःची खाट त्यांनी बायकांना देऊन टाकली होती. चिडायचं तरी कसं या माणसावर, असं तिला क्षणभर वाटलं.

मग तिनं तक्ता परत वाचला. पहिल्यापासून, एक एक नाव. रवींद्रचे सासू-सासरे होते. पद्माकरकाकांच्या व्याह्यांचा भाऊ होता, ज्याला या घरातल्या कुणीही उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तेवीस माणसं होती. चित्रलेखा हे नाव नव्हतं.

दीनानाथ थांब्यावरून आले तेव्हा ती अजून तिथंच उभी होती. दूध बाहेर राहिलं होतं.

"बाबा, यात माझी आई कुठं आहे?"

दीनानाथांनी तक्त्याकडं पाहिलं, जणू नाव शाईखाली दबलं असेल. "विहीणबाई? अगं, त्या कुठं येतात. मुलीकडं राहायचं नाही असं असतं ना त्यांच्यात."

"तुम्ही विचारलंत?"

"मी कसा विचारणार? विचारलं की त्यांना नाही म्हणावं लागणार. कशाला उगीच त्यांना अवघड करायचं?"

विनीताचा इतक्या दिवसांचा बांध तिथं फुटला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं संजीव नंतर म्हणाला.

"ती खोली मी माझ्या आईसाठी रंगवली आहे, बाबा. ती दांडी तुमच्या पंच्यासाठी नाही, माझ्या आईनं पुन्हा पडू नये म्हणून आहे. तुम्ही तिथं तांदूळ रचलेत. उद्या जग बुडायला निघालं तर या घरात रवींद्रच्या सासूला जागा आहे, त्या कुठल्या कोण माणसाला जागा आहे, आणि माझी आई तळेगावला एकटी बसून बॉम्बची वाट बघणार."

"विनू, कसलं युद्ध आणि कसलं काय," संजीव दारातून म्हणाला. त्याच्या हातात गाडी पुसायचं फडकं होतं. "नुसता कागद आहे तो."

"म्हणूनच," विनीता म्हणाली. "कागदावरसुद्धा नाही."

संजीव फडकं घेऊन तसाच उभा राहिला. या वेळी गाडी धुवायला गेला नाही. विनीता वर गेली आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. त्या रविवारी तिनं आईला फोन केला नाही, दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर दोन दिवस दीनानाथ थांब्यावर गेले नाहीत. सोमवारी त्यांनी आणि नीलनं मिळून गोण्या गॅरेजमध्ये नेल्या. शहात्तराव्या वर्षी वीस किलोची गोणी उचलू नये हे सांगायला विनीता उठली आणि पुन्हा बसली. तक्ता फ्रिजवरून निघाला. पंचा मात्र दांडीवर होता तिथंच होता, आणि ते बघून तिला पुन्हा राग आला.

बुधवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे तळेगावात सकाळी नऊ वाजता, विनीता टेबलावर काम करत असताना दीनानाथांनी सोफ्यावरून फोन लावला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्पीकर अर्थातच चालू.

"विहीणबाई, नमस्कार. मी दीनानाथ."

पलीकडून आईचा घाबरलेला आवाज. "विनीता बरी आहे ना?"

"बरी आहे, सगळे बरे आहेत. मी तुम्हाला बोलवायला फोन केलाय. परिस्थिती बिकट आहे. कधी काय होईल सांगता येत नाही. तुम्ही इकडे या."

"युद्धाचं म्हणताय का?"

"हो, त्याचंच."

"मग नको," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "एकाहत्तरला खिडक्यांना काळे कागद चिकटवून आम्ही बी.एस्सी.चा अभ्यास केलाय. आता मेमध्येसुद्धा भोंगे वाजवून बघितले म्हणे, मी पोहे करत होते, तेच केले. बॉम्बच्या भीतीनं व्याह्यांकडं आसऱ्याला यायची नाही मी. काही नसताना बोलावलं असतंत तर गोष्ट वेगळी होती."

दीनानाथ गडबडले. "पण विनीता बोलावते की. दर रविवारी."

"ती लेक आहे. लेक बोलावणारच. तिच्या बोलावण्यावर आपण उठून जायचं नसतं. तुम्ही सगळ्या दुनियेला 'या' म्हणता असं ती सांगते. मीटर बघणाऱ्यालासुद्धा म्हणालात. मला पाच वर्षांत एकदा म्हणालात का?"

"मला वाटलं, तुम्हाला नाही म्हणायची वेळ येऊ नये."

"नाही म्हटलंच असतं," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. मग दुसऱ्यांदा विचारायचं असतं. एवढी लग्नं पार पाडलीत तुम्ही, हे मी सांगायला हवं?"

दीनानाथांनी फोन ठेवला. टेबलावर विनीताच्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. पाच वर्षं. पाच वर्षं ही दोन शहाणी माणसं एकमेकांना अवघड होऊ नये म्हणून तोंड मिटून बसली होती, आणि मधल्यामध्ये ती अर्ज भरत होती, भिंती रंगवत होती, रात्री छताकडं बघत पडत होती. आणि तिनं स्वतः तरी काय केलं? 'बाबा, तुम्ही एक फोन करा' हे पाच वर्षांत तिच्याही डोक्यात आलं नाही. आपण यातल्या नाही अशी तिची समजूत होती. चौदा वर्षं ऑस्ट्रेलियात काढून निघालो तर यांच्यातलेच, असं तिला वाटलं आणि ती स्वतःवरच चिडली.

"मग लावा ना परत," ती म्हणाली. "आत्ता."

"आत्ता नाही. काही नसताना म्हणाल्या त्या. निवळू दे."

आणि निवळलंही. दोन्ही महासत्तांनी भेटून बोलायचं ठरवलं, हस्तांदोलनाचे फोटो आले. ग्रुपवर गणपतीच्या शुभेच्छा सुरू झाल्या. ठाण्याच्या रवींद्रनं पुन्हा एकदा, तिकडे जगाच्या टोकाला तुमच्या सणावाराचं काय, असं विचारलं. पद्माकरकाका सपत्नीक, गुडघ्यांसकट, राजस्थानच्या सहलीला निघाले. स्कोफिल्ड्समध्ये खोल्या किती, हे कुणी विचारेना.

दीनानाथांची मात्र वेगळीच तऱ्हा. रोज सकाळी ते बातम्या लावायचे आणि काही नाही असा दिवस शोधायचे. सोमवारी कुणीतरी क्षेपणास्त्राची चाचणी केली. "आज नको, त्यांना वाटेल त्यासाठीच केला." बुधवारी कुणाच्या तरी हद्दीत कुणाचं तरी विमान शिरलं. "आज तर नकोच." पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच देशानं अण्वस्त्रं मिरवली. सप्टेंबर लागला, अंगणातल्या बाटलीब्रशच्या झाडाला लाल तुरे आले, आणि फोन काही लागेना. विनीताला आता दोन्ही महासत्तांचा, आणि त्यांच्या बातम्या देणाऱ्यांचा, मनस्वी कंटाळा आला होता. या लोकांना एक दिवस, फक्त एक दिवस गप्प बसता येत नव्हतं.

शुक्रवारी तिनं लॅपटॉप मिटला आणि सोफ्यासमोर जाऊन उभी राहिली. टीव्हीवर पाणबुडी होती. कुठली, कुणाची, तिला जाणूनही घ्यायचं नव्हतं.

"बाबा, जगात काही नाही असा दिवस यायचा नाही. तुमच्या जन्मात नाही, माझ्या नाही, नीलच्याही नाही. आई त्र्याहत्तरची आहे. तुम्ही जगाची वाट बघत बसलात तर ती पुन्हा पडेल, आणि मला पुन्हा नवव्या दिवशी कळेल."

दीनानाथांनी तिच्याकडं पाहिलं. मग टीव्हीकडं. मग त्यांनी रिमोट उचलला आणि पाणबुडी बंद केली. खोलीत एकदम शांत झालं, बाहेर कुणाचंतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं तेवढंच. ते उठून खालच्या खोलीच्या बाथरूममध्ये गेले, दांडीवरचा पंचा काढून खांद्यावर टाकला, परत येऊन बसले, आणि फोन लावला.

"विहीणबाई, नमस्कार."

"नमस्कार. काय झालं?"

"काही नाही. सहज केला."

"टीव्हीवर तर काहीतरी दाखवतायत सकाळपासून."

"इथं काही दाखवत नाहीत," दीनानाथ म्हणाले. स्वारगेटला रस्ता खचलेला असताना प्रवाशांना 'गाडी येतेच आहे' सांगायचे, तोच आवाज. "इथं सगळं शांत आहे. सहज वाटलं, तुम्हाला बोलवावं. या एकदा घरी."

"नाही हो. माझं कुठलं आता येणं होतंय."

विनीता ओट्याशी उभी होती. तिनं दोन्ही हातांनी ओटा धरला होता. आता हे 'बरं, जशी तुमची मर्जी' म्हणणार आणि फोन ठेवणार, असं तिला वाटलं.

"असं कसं," दीनानाथ म्हणाले. "खालची खोली तुमच्या नावानं राखीव आहे. महिनाभर दुसरा कुणी बसवलेला नाही मी तिथं. आमच्याकडं एकदा आरक्षण झालं की रद्द होत नाही. या तुम्ही."

पलीकडून काही आलं नाही. इतका वेळ काही आलं नाही की फोन कट झाला असं वाटून दीनानाथांनी तो कानाला लावला, स्पीकर चालू असताना.

"जिना नाही ना चढायला?" चित्रलेखाबाईंनी विचारलं.

"एकही पायरी नाही. बाथरूममध्ये दांडी आहे. स्टीलची. विनीतानं बसवून घेतली आहे."

"ऑक्टोबरात थंडी कमी होते ना तिकडे?" आणि मग, उत्तराची वाट न बघता, आवाज जरा बदलून, "भाजणी आणली तर विमानतळावर काढून घेतात का हो? आणखी काय आणू?"

विनीतानं नळ सोडला. सिंकमध्ये भांडं एकही नव्हतं. ती नुसतीच वाहत्या पाण्याखाली हात धरून उभी राहिली आणि रडली, आणि रडता रडता तिला संतापही येत होता की हे सगळं दोन फोनांचं काम होतं, फक्त दोन.

"काहीही आणा," दीनानाथ मागे सांगत होते. "फक्त तांदूळ आणू नका."